पोरांनी मोजलेली काठी

कालव्याच्या कामावर त्या आठवड्यात तीन डोकी फुटली. एक पाण्याच्या पिंपापाशी, एक पाटी कुणाची यावरून, आणि तिसरं कशावरून ते फुटलेल्यालाही सांगता आलं नाही. उन्हानं माणसं पिसाळली होती. वरची मऊ माती संपून खाली पिवळा मुरूम लागला होता. पहार मारली की ठिणगी उडायची आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाऊस यायच्या आत काम संपवायचं म्हणून कंत्राटदारानं सुट्ट्या बंद केल्या होत्या. एका जोडीनं रोज एक खड्डा द्यायचा. काठीभर लांब, काठीभर रुंद, अर्धी काठी खोल. भरला तर हजेरी, नाही भरला तर दिवस पाण्यात.

भरला की नाही हे मापाडी ठरवायचा. तो बाईचा नवरा.

बाई म्हणजे बालवाडीची बाई. कालव्याच्या काठावर पत्र्याची एक शेड होती, तिच्यात खणणाऱ्यांची पंधरा पोरं सांभाळायची हे तिचं काम. चार ते सहा वर्षांची पोरं. नाकं गळणारी, भांडणारी, आणि भूक लागली की एकसुरात रडणारी. शेडच्या दारातून तिला समोरचं सगळं दिसायचं. नवरा काठी घेऊन खड्ड्याखड्ड्यावर उभा राहायचा, आत उतरलेली माणसं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. ‘कमी’ म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. ते बाईला लांबूनही ओळखू यायचं, आणि ती पोरांकडे वळायची.

पोरांना अक्षरं शिकवण्यापेक्षा मोजायला शिकवणं तिला आवडायचं. मोजताना पोरांच्या हातांना काम लागतं आणि तोंडं बंद राहतात, असं ती गमतीनं म्हणायची. त्या दिवशी तिनं बाक मोजायला दिला, विती टाकून. ढब्बूच्या आठ विती भरल्या. चिमणीच्या अकरा भरल्या.

"खोटारडी!" ढब्बू म्हणाला.

चिमणीनं शेजारचा पत्र्याचा डबा उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. त्यानं तिचा दंड चावला. दोघांना ओढून वेगळं करेपर्यंत बाईला घाम फुटला.

"मारामारी करून बाक लहानमोठा होतो का रे? बसा खाली. दोघांनीही बरोबर मोजलंय. मग दोघांचं वेगळं का आलं?"

पोरं बाकाकडे बघत राहिली. मग चिमणीनं ढब्बूचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला.

"ह्याचा पंजा मोठा आहे, बाई."

"शाब्बास. मग आता काय करायचं?"

"सगळ्यांनी माझ्याच हातानं मोजायचं."

"आणि तू घरी गेलीस तर?"

"तिचा हात तोडून इथं ठेवायचा," ढब्बूनं कपाळ चोळत सुचवलं.

बाईला हसू आवरेना. मागून कुणीतरी ओरडलं, "काकांच्या काठीनं मोजू या!" आणि सगळ्यांनी तेच धरलं. काठी, काठी!

बाईचं घर शेडच्या मागंच होतं. दाराआड जुन्या चादरीत गुंडाळलेली एक काठी उभी असायची, दोन्ही टोकांना पितळी टोपणं असलेली. काम सुरू झालं त्या दिवशी नवऱ्यानं ती सगळ्यांच्या हातातून फिरवली होती, प्रत्येकाला निरखून बघायला लावली होती. रोज कामावर न्यायची ती वेगळी. दोन्ही सारख्याच असणार असं बाईनं धरलं होतं. धरलं म्हणजे काय, तसा विचारच कधी केला नव्हता.

तिनं काठी शेडमध्ये आणून जमिनीवर ठेवली. प्रत्येक पोराला सुतळी दिली. काठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणायची, दोन्हीकडे गाठ मारायची. "टोक सोडायचं नाही," ती प्रत्येकामागं फिरत सांगत होती. "काही झालं तरी टोक सोडायचं नाही, सोडलं की माप गेलं." दुपारपर्यंत पंधरा सुतळ्या झाल्या. पोरांनी त्या कमरेला गुंडाळल्या आणि चूल किती, दार किती, आई किती, हे मोजायला घरी पळाली.

दिवस मावळताना नवरा घरी आला. हात धुता धुता त्याची नजर दाराआड गेली.

"चादर कुणी सोडली?"

"मी. पोरांना काठी दाखवायला नेली होती."

"बाहेर नेलीस?"

"शेडमध्येच. पोरांनी सुतळीनं माप घेतलं. इतकी रमली होती म्हणून सांगू..."

पहिली थप्पड कानावर बसली. दुसऱ्या वेळी त्यानं मूठ वळली, तिचं तोंड चौकटीवर आपटलं आणि खालचा ओठ दातांमध्ये सापडून फाटला. मार तिला नवा नव्हता. पण एरवी तो आधी आरडाओरडा करायचा, तिचं काय चुकलं ते सांगायचा, मग हात उचलायचा. आज तो एक शब्द बोलला नाही. तो घाबरला होता, आणि ते बघून बाई जास्त घाबरली.

"सकाळी सगळ्या सुतळ्या गोळा कर," तो हळू आवाजात म्हणाला. "एकूण एक. चुलीत घाल."

"पण का?"

"का ते विचारू नकोस."

रोजची काठी तो नेहमी अंगणात टेकवून ठेवायचा. आज ती काठी आत आणून, अंथरुणाशी ठेवून तो झोपला. बाईला आता काही विचारायची गरज उरली नव्हती.

उजाडताच ती झोपड्याझोपड्यांतून फिरली. ओठ सुजला होता म्हणून पदर तोंडावर धरला होता. "सुतळ्या द्या रे, नव्या आणणार आहे," असं प्रत्येक दारात म्हणाली आणि पोरांनी बिचाऱ्यांनी दिल्याही. चौदा सुतळ्या तिनं घरी आणून स्वतःच्या हातानं चुलीत घातल्या. त्या जळेपर्यंत समोर बसली. आपण काय करतोय ते तिला चांगलं कळत होतं, तरी तिनं ते केलं.

पंधरावी चिमणीची. झोपडीत कुणीच नव्हतं. शेजारीण म्हणाली, "ती बापामागं गेली मापाला. सगळा संसार मोजत सुटलीय कालपासून."

बाई कालव्याकडे धावत सुटली.

आदल्या दिवशीचे खड्डे सकाळी मोजले जायचे. ती पोचली तेव्हा नवरा चिमणीच्या बापाच्या खड्ड्यावर उभा होता. बाप आत होता, तळहातांना चिंध्या बांधलेला. आई काठावर पाटी घेऊन उभी होती. नवऱ्यानं काठी खड्ड्यात उभी धरली, मध्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"तीन बोटं कमी."

"मापाडी, काल अंधार पडेपर्यंत खणलंय आम्ही दोघांनी. परत एकदा बघा की."

"परत काय बघायचं? खड्डा काय रातोरात वाढतो?" त्यानं काठीचं टोक बापाच्या छातीत खुपसलं, ढकललं. बाप मागच्या भिंतीवर आदळला. "हजेरी नाही. चल, पुढचा."

बाप बायकोसमोर, पोरीसमोर छाती चोळत उभा राहिला. नवऱ्यानं पुढच्या खड्ड्याच्या काठावर काठी आडवी ठेवली आणि वहीत रेघ मारायला मान खाली घातली. तेवढ्यात चिमणी काठीशी बसली. कमरेची सुतळी तिनं सोडली, एका गाठीपुढचं शेपूट मनगटाला गुंडाळून दुसरी गाठ काठीच्या टोकाला लावली आणि शिकवल्याप्रमाणे नीट ताणली.

"काका, तुमची काठी मोठी झालीय!" ती खिदळली.

आसपासच्या खड्ड्यांतली माणसं थांबली.

"किती गं?" कुणीतरी विचारलं.

चिमणीनं उरलेल्या जागेत एका माणसाची मूठ ओढून ठेवली. बरोबर बसली. "एक मूठ!"

"चिमणे, सुतळी दे इकडे!" बाई लांबूनच ओरडली. पण नवऱ्यानं आधी झडप घातली. त्यानं सुतळी धरून हिसका दिला. पोरीनं टोक सोडलं नाही. सोडायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. दुसऱ्या हिसक्याला ती जमिनीवरून उचलली गेली, खड्ड्याच्या काठावर आपटली आणि आत पडली. हात अंगाखाली दुमडला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

मग आई किंचाळली. बाप एका उडीत वर आला आणि त्याचं फावडं फिरलं. ते मापाड्याच्या डोक्याला लागायचं ते खांद्याला चाटून गेलं. मापाडी काठी टाकून पळाला, घरात शिरला आणि त्यानं आतून कडी घातली. दहा-पंधरा जण पहारी घेऊन निघाले होते, पण तात्या आडवा झाला. तात्या सगळ्यांत म्हातारा, बोलणं कमी, पण त्याचा शब्द कुणी ओलांडत नसे.

"आधी पोर बघा," तो गरजला. "तो जातोय कुठं?"

बाईनं खोक्याच्या दोन फळ्या मागवल्या, पदराची पट्टी फाडली आणि चिमणीचा हात फळ्यांमध्ये बांधला. हाताचं हाड कातडीखाली टोचत होतं. पोरगी पांढरीफटक पडली होती, पण रडत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मी बरोबर मोजलं ना?"

भोवती सगळे उभे होते. बाईच्या ओठातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं.

"बरोबर मोजलंस," बाई म्हणाली.

तात्यानं काठी उचलून हातात तोलली. त्यानं आयुष्यात अशी बरीच कामं आणि बऱ्याच मारामाऱ्या बघितल्या होत्या, आणि आणखी एक बघायची त्याची इच्छा नव्हती. "मूठभरानं असं काय मोठं होतंय बाई? लाकूड आहे. फुगतं, वाढतं. पोरीच्या हाताचं त्याच्याकडून भरून घेऊ. बाकीचं..."

बाईनं नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. तिला ते कळत होतं. घराची कडी दुपारपर्यंत उघडली असती, संध्याकाळी कंत्राटदाराला निरोप गेला असता, आणि सगळं थंड झालं असतं. तिनं पदरानं ओठ पुसला.

"पोरांनो, इकडे या," ती म्हणाली. "दोन सुतळ्या घ्या. एक ही चिमणीची. दुसरी या काठीवरून मापून घ्या."

पोरं आली. त्यांना हे काम येत होतं.

"आता दोन्ही सुतळ्यांच्या घड्या घाला. एकदा. पुन्हा. पुन्हा एकदा. आता त्या घडीएवढे दोन खड्डे करा. घडीभर लांब, घडीभर रुंद, अर्धी घडी खोल. मोठ्यांनी फक्त माती उकरून द्यायची, मापाला हात लावायचा नाही."

पहारी धरलेल्या माणसांनी मुकाट्यानं तेवढे दोन चिमुकले खड्डे उकरले. पोरांनी कडा बोटांनी सारख्या केल्या, चुकलं तिथं एकमेकांच्या डोक्यात टपल्या मारल्या. मग ढब्बूनं वाळूचा डबा भरला, वरून हात फिरवून सपाट केला आणि चिमणीच्या खड्ड्यात ओतला.

"एक!" पोरं ओरडली. "दोन! तीन!"

सहाव्या डब्याला खड्डा काठोकाठ भरला. मग मापाड्याच्या काठीचा खड्डा. चार, पाच, सहा. सहा डबे होऊनही वर जागा राहिली. ढब्बूनं सातवा ओतला. तोही मावला.

"सात! सात!" पोरं टाळ्या पिटत नाचायला लागली.

"म्हणजे काय, बाई?" चिमणीच्या आईनं विचारलं.

"सहा खड्डे खणलेत ना, की सातवा फुकट खणलात. पहिल्या दिवसापासून."

माणसं बोटांवर महिने मोजायला लागली. चिमणीची आई मोजत नव्हती. ती त्या वाळूच्या खड्ड्याकडे बघत होती.

"माझं पोटातलं गेलं थंडीत, पाटी उचलताना," ती म्हणाली. "तो खड्डा कितवा होता?"

बाईनं वाळूचा रिकामा डबा ढब्बूच्या हातातून काढून घेतला.

पुढचं फार वेळ चाललं नाही. दाराला तीन पहारी लागल्या आणि कडी चौकटीसकट निघाली. बाई अंगणात उभी होती. तिला कुणी ढकललं नाही, कुणी काही विचारलंही नाही. मापाड्याला पायांना धरून फरफटत आणलं. पहिला फटका चिमणीच्या आईनं मारला, पाटीच्या काठानं, तोंडावर. दोन दात पडले. मग सगळ्यांनी मारलं. लाथांचा आवाज ओल्या पोत्यावर काठ्या बसाव्यात तसा येत होता. बायकाही होत्या, आणि आयुष्यात कुणाला ‘अरे’ न म्हटलेली माणसंही होती. मापाडी आधी शिव्या देत होता, मग कंत्राटदाराचं नाव घेत होता, मग बायकोला हाका मारायला लागला. बाई जागची हलली नाही.

"बास!" तात्या काठी आपटत मध्ये शिरला. "मेला तर खड्डा कोण पुरा करणार?"

"कुठला खड्डा?"

"सकाळी यानंच तीन बोटं कमी म्हटलाय तो. याच्याच काठीनं पुरा करू दे. मग सोडून देऊ."

खऱ्या काठीनं तो खड्डा कालच पुरा झालेला होता. मापाड्याइतकं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला उचलून आत टाकलं आणि वरून पहार आणि फावडं टाकलं.

त्याच्या हातांना आयुष्यात वहीपेक्षा जड काही लागलेलं नव्हतं. पहिल्या शंभरेक घावांतच फोड आले, पुढच्या पन्नासांत ते फुटले. पहार मुरुमावरून घसरून त्याच्याच पायाच्या बोटावर आली, नख उलटलं. तो थांबला की वरून कुणीतरी मातीचं ढेकूळ पाठीत मारायचं. पाणी मागितलं तेव्हा चिमणीच्या बापानं दिलं, पण काठावर ओतून, म्हणजे त्याला ओंजळ उंचावून उभं राहावं लागेल. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. त्याच्या नाकातलं रक्त सुकून त्यावर पिवळी धूळ बसली होती. दोनदा तो खाली बसला, दोनदा उठवला गेला.

बाईनं पोरांना शेडमध्ये कोंडलं होतं, पण पोरं मागच्या पत्र्याखालून निसटली आणि काठावर येऊन बसली. चिमणीही आईच्या मांडीवर होती, हात फळ्यांत बांधलेला.

सूर्य खाली आला तेव्हा मापाडी पहारीवर टेकून उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. शब्द दातांच्या खिंडीतून फुसकन बाहेर आला. "मोजा."

कोण मोजणार यावर क्षणभर घोळ झाला. एकमेकांवर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणजे स्वतःवरच नव्हता. तात्यानं काठी बाईकडे केली. "तुम्हीच मोजा. तुमचं सगळ्यांना पटेल."

बाई खड्ड्यात उतरली. नवऱ्याच्या अंगाला घामाचा आणि रक्ताचा वास येत होता. तिनं काठी तळाला टेकवली, एका कोपऱ्यात, दुसऱ्या, तिसऱ्या. तिन्हीकडे खूण काठाशी लागली. चौथ्या कोपऱ्यात ती वर राहिली. तिनं मधे बोट धरून बघितलं.

नवऱ्याची पाठ सगळ्यांकडे होती. त्यानं हात जोडले नाहीत, नुसतं बघितलं. काठी जरा तिरकी धरायची, बोट जरा सरकवायचं. वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"झालं की नाही गं?" तो पुटपुटला.

"बोटभर कमी आहे," बाई मोठ्यानं म्हणाली. "या कोपऱ्यात."

वर कुणी हालचाल केली नाही. माणसं थकली होती. राग दुपारीच संपला होता, आता नुसतं बसवत नव्हतं म्हणून ती उभी होती. चिमणीच्या बापानं मान फिरवली.

"बोटभर जाऊ द्या, बाई," तात्या म्हणाला. "बास झालं आता. घेऊन जा त्यांना घरी."

"हो, जाऊ दे," चिमणीची आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

बाईनं वर बघितलं. ओठ ठणकत होता. आपण हे चिमणीच्या हातासाठी करतोय, की या ओठासाठी, की सकाळी चुलीत घातलेल्या चौदा सुतळ्यांसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. मनात दया शोधायला गेली तर ती सापडली नाही, आणि त्याची तिला भीती वाटली. पण कोपरा कमी होता. तिनं तीन वेळा बघितला होता.

"नाही," ती म्हणाली. "बोटभर कमी म्हणजे कमी. खणा."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पहार उचलली. ती सालपटलेल्या तळव्यांना चिकटली आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. काठावर ढब्बू रडायला लागला. त्याचं बघून बाकीची पोरंही रडायला लागली. बायकांनी आपापली पोरं उचलली आणि झोपड्यांकडे निघाल्या. त्यांच्यामागून एकेक करत पुरुष गेले. शेवटी तात्याही गेला.

बाई गेली नाही. काठी गुडघ्यांवर आडवी घेऊन ती काठावर बसली आणि पहारीचा प्रत्येक घाव कुठं पडतोय ते बघत राहिली.